भिंतीकडेची पावडर

“हिनं काय खाल्लं?” डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं.

साकोलीच्या दवाखान्यात टेबलावर दहा महिन्यांच्या मंदाला झटके येत होते. तोंडाला फेस आला होता. तिचा बाप तेजराम मलेरिया खात्यात फवारणीवर होता. हे कशानं झालं, ते त्याला घराच्या दारातच कळलं होतं.

“वाणी चावली असंल, साहेब,” तो म्हणाला. “घरात हे किडे सारखे निंघून राहिले.”

सत्यभामाने नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टर पोरीच्या अंगावर चावल्याची खूण शोधत राहिले.

श्रावण लागल्यापासून एकोडीतल्या त्यांच्या मातीच्या घरात भिंतीच्या बुडातून वाणी किडे येत होते, काळपट, असंख्य पायांचे. मंदा नुकती रांगायला लागली होती. पोरीच्या कानात किडा जाईल, ही सत्यभामाची धास्ती. तेजरामने एक वाणी तळहातावर घेऊन दाखवली होती.

“गोम चपटी रायते, पळते, चावते. हे गोल हाये, हात लावला का गुंडाळून घेते. झाडून बाहेर टाक. भिंतीपासचा ओला पाला काढ, मंग येत नाही.”

तिने पाला काढला. रोज सुपलीभर किडे कुंपणापाशी टाकले. मग एक दिवस मंदाच्या गोधडीत दोन सापडले आणि सत्यभामा रडायला बसली. तेव्हा तेजरामने कामावरून किडे मारायच्या विषारी पावडरीची पुडी लपवून आणली आणि भिंतीकडेने पांढरी ओळ ओढली. दवाखान्यात ते सांगितलं असतं तर नोकरी गेली असती.

दुपारी चारला मंदा गेली.

तेजरामची पोरगी वाणीनं गेली, हे गावभर झालं. बाया त्याच्याकडे पावडर मागू लागल्या. तो मान खाली घालून निघून जायचा.

भाद्रपदात फवारणीचं पथक एकोडीत आलं. पार्वताबाईच्या घरी तेजराम पाठीवर पंप घेऊन शिरला. पार्वताबाई बादलीत शेण कालवत होती. बाजूला धानावरच्या औषधाची उघडी बाटली होती आणि तिचा नातू जमिनीवर बसला होता.

“काकी, हे काय करून राहिली?”

“औषध टाकून सारवतो. तुह्या पोरीसारखं नोको व्हाले.”

तेजरामने बाटलीला बूच लावलं. मागे दारात पथकाचे साहेब उभे होते, हे त्याला माहीत होतं.

“वाणी चावत नाही, काकी. माही पोरगी पावडरीनं गेली. म्याच आणली होती, कामावरून.”

पार्वताबाईने बादलीतला हात बाहेर काढला.

“काय बोलून राहिला, समजते ना तुले?” साहेबांनी विचारलं.

“समजते, साहेब.”

घरी येऊन त्याने सत्यभामाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“डॉक्टरले सांगाचं होतं,” ती म्हणाली.



पंधरा दिवसांनी कामावरून काढल्याचा कागद आला. खाकी कपडे जमा करायचे होते. सत्यभामाने ते धुऊन वाळवले. शर्टाची एक गुंडी तुटली होती. तिने दुसरी लावली, दोरा दातांनी तोडला आणि शर्टाची घडी करून त्याच्यापुढे ठेवली.