लंगडी कोल्हीण कोणी पळवली

एस्टिलच्या वडिलांनी, म्हणजे खाणीत राबलेल्या एल्झीने, मागे ठेवलं काय, तर एक भेगाळलेलं फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, आणि ‘लंगडी कोल्हीण’ नावाची एक धून. मधेच तिच्यात एक ठोका जास्त पडायचा, म्हणून ती लंगडी. अमेरिकेतल्या अख्ख्या पूर्व केंटकीत ती आपल्याशिवाय कुणाला येत नाही, या एका गोष्टीवर एस्टिल आजवर ताठ मानेने जगला होता. वाजवताना तो लोकांकडे पाठ करून बसे, बोटं दिसायला नकोत म्हणून. आणि लोक तरी कोण? गिटारवर साथ करणारा डॉर्सी आणि बास वाजवणारी ओपल. बस.

शनिवारी संध्याकाळी तिघं हायस्कूलच्या जिममध्ये ब्लूग्रास, म्हणजे तिथलं डोंगराळ लोकसंगीत, ऐकायला गेले. बँड याच शाळेतल्या पोरांचा होता. माइक एकच, ज्याची पाळी येईल तो पुढे सरकायचा. पोरं अधूनमधून चुकत होती, त्यामुळे एस्टिल खुशीत होता. मग टॅन्सी नावाची फिडलवाली पुढे आली आणि तिने ‘लंगडी कोल्हीण’ सुरू केली. जास्तीच्या ठोक्यासकट.

टाळ्यांचा ताल धरलेली सगळी जिम त्या ठोक्याला अडखळली. डॉर्सी आणि ओपलचे पाय तेवढे बरोबर पडले.

“कुणी शिकवली हिला?” एस्टिलने दात न उघडता विचारलं.

“मला काय माहीत?”

“साळसूदपणा पुरे. तुझा पाय पाहिला मी.”

“अरे, अर्धा जन्म तुला साथ करतोय. पाय काय आता तुला विचारून आपटू?”

“हळू बोला रे,” ओपल म्हणाली. “मागे पाद्री बसलेत.”

“तू तर बोलूच नकोस. तुझी भाची याच शाळेत शिकवते.”

“गाडी चालवायला शिकवते ती, एस्टिल.”

“तेच म्हणतोय मी. गाडीत दोघीच असतात.”

डॉर्सीने कपाळाला हात लावला. “लेका, मला चोरून द्यायचीच असती तर एखादी बरी धून दिली असती!”

हा टोला परतवायला एस्टिलला वेळ नव्हता. धुनेचे दोन्ही भाग झाले होते, आता टॅन्सी पुन्हा पहिल्यावर येणार होती. ती आली नाही. तिची बोटं वर सरकली आणि तिसराच भाग सुरू झाला. एवढा वेळ उरलेला तो एक ठोका त्यात असा जाऊन बसला, की कोल्हीण चारी पायांवर पळू लागली.

एस्टिलने खाली पाहिलं. डॉर्सीचा पाय हवेतच थबकला होता. ओपलचाही. त्यांना हा भाग माहीतच नव्हता. एस्टिलला तरी कुठे होता?

मध्यंतरात त्याने टॅन्सीला गाठलं. “ती कोल्हीण कुठून आणलीस गं?”

“पणजोबांची आहे, काका. त्यांनीच बांधलेली. महासंशयी माणूस! खाणीतला कोणी एल्झी म्हणून होता, तो रोज येऊन ओसरीवर बसायचा. ऐकायला आलोय, म्हणायचा. पणजोबांना पहिल्या दिवसापासून संशय, की हा धून चोरायला येतो. म्हणून तो असला की तिसरा भाग वाजवायचेच नाहीत.” ती हसली. “बिचारा एल्झी! कदाचित खरंच नुसता ऐकायला येत असेल.”

“असेल,” एस्टिल म्हणाला.

“तुम्हाला येते का ती?”

एस्टिलने बराच विचार केला. “नाही. अर्धवट ऐकलीय कुठेतरी.”

परतताना ट्रकच्या पुढच्या बाकावर तिघं खांद्याला खांदा लावून, पण एकमेकांना न शिवता बसले होते. ही करामत फक्त रागावलेल्या मित्रांनाच जमते. चर्चजवळच्या वळणावर डॉर्सीला राहवेना.

“मग, सापडला का चोर?”

“सापडला.”

“आमच्यापैकी नाही ना?” ओपलने विचारलं.

“नाही. चुकलं माझं.”

“मग धर की त्याला!”

“मेलाय तो.”

डॉर्सीने चालवता चालवताच टोपी काढली. “ओळखीचा होता का रे?”

एस्टिलने काच खाली केली.

“तसं वाटायचं.”