पुसलेला पहिला अंक

स्वस्थ बसणं माझ्या कुंडलीतच नाही, मित्रांनो. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. सारखं पुढे पळायचं, मागे पळायचं. क्युपर्टिनोतल्या एका दुकानातून प्रतापरावांनी मला आणलं. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात त्यांची पत्नी पद्मिनी वकीलबाई झाली, ते सबंध नाटक माझ्यावर उतरवलं. पद्मिनीचं अमेरिकेतलं ते एकुलतं एक नाटक. मला कोणी पुसू नये म्हणून तिनं माझ्या पाठीवरचा प्लास्टिकचा टॅब मोडून टाकला. तो मोडला की वर रेकॉर्डिंग होत नाही. दिवाळीभर माझं कौतुक झालं. मग मी धूळ खात पडले.

१९८७चा सप्टेंबर आला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमायच्या एका न्यायाधीशांची सिनेटमध्ये सुनावणी चालली होती. जिकडेतिकडे एकच वाद: खासगीपणाचा हक्क राज्यघटनेत शब्दांत लिहिलेला नाही, मग तो आहे की नाही? पद्मिनीची मुलगी उत्तरा हायस्कूलच्या वादविवादात ‘आहे’ या बाजूनं बोलणार होती. पण टीव्हीवर सुनावणी लागायची नेमकी शाळेच्या वेळात. तिनं माझ्या मोडक्या टॅबच्या खाचेवर चिकटपट्टी लावली, म्हणजे पुन्हा रेकॉर्डिंग होतं, मला व्हीसीआरमध्ये घातलं, टायमर लावला आणि गेली. वकीलबाई वाक्यावाक्यानं पुसल्या जात होत्या आणि मला थांबता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात पद्मिनीची बहीण सुलेखा पुण्याहून आली. तिला नाटक दाखवायला पद्मिनीनं मोठ्या हौसेनं मला व्हीसीआरमध्ये सरकवलं, तर पडद्यावर आले सुटाबुटातले सिनेटर. पहिला अंक गेला होता.

“आई, आय नीडेड अ टेप. धिस इज हिस्टरी,” उत्तरा म्हणाली. “आणि त्यावर काही लिहिलं नव्हतं. नो लेबल.”

पद्मिनी उठून उभी राहिली. “लिहिलं नव्हतं, म्हणजे माझा हक्क नव्हता? मग शाळेत काय बोलणार आहेस तू?”

उत्तराची मान खाली गेली. “सॉरी, आई.”

सुलेखा सोफ्यावर मांडी घालून बसली. “पद्मे, वकीलबाई अशाच बोलायच्या ना? थांबू नकोस, पुढचं म्हण.”

मग पद्मिनीनं हॉलमध्येच पहिला अंक उभा केला. राग, रडू, सगळं त्यात आलं. अर्धं मराठी कळत नसूनही उत्तरा जागची हलली नाही. मी मात्र तळमळत होते. इतकं सुंदर समोर घडावं आणि आपल्यात त्यातलं काहीच उतरू नये, याचं फार वाईट वाटलं.

मित्रांनो, दुसऱ्याच्या वस्तूवर रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी घरात एक हाक मारा. त्या सकाळी पद्मिनी शेजारच्याच खोलीत इस्त्री करत होती.