चोवीसातले तीन खळगे

ताईच्या फुफ्फुसातून काढलेली गाठ प्रयोगशाळेत आली, तेव्हा तिथेच काम करणाऱ्या धाकट्या बहिणीने, धाकटीने, आधी हात मागे घेतले. नात्यातल्या माणसाचा नमुना आपण हाताळू नये, असा तिथला शिरस्ता. पण हे काम येणाऱ्या दोघीच, आणि दुसरी बाळंतपणाच्या रजेवर.

"नमुना कुणाचा ते विसर आणि कर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

विसर म्हणे! आई गेल्यावर तिला लहानाची मोठी ताईनेच केली होती.

गाठीचे बारीक तुकडे तिने चोवीस खळग्यांच्या ताटलीत ठेवले. दोन आठवड्यांत त्यांतून पांढऱ्या पेशी रांगत बाहेर आल्या. या लढणाऱ्या पेशी. त्यांतल्या मोजक्यांनाच गाठ ओळखू येते, बाकीच्या नुसत्या गर्दीला. ओळखणाऱ्या शोधायच्या, कोट्यवधी वाढवायच्या आणि ताईला परत द्यायच्या.

"काय म्हणतंय माझं सैन्य?" ताई रोज विचारायची. "जेवतंय का, की तुझ्यासारखं नाक मुरडतंय?"

"चांगलं बाळसं धरलंय. तुझ्यापेक्षा बरं जेवतात."

"मग पाठव की लवकर. लेकीला दुसरीच्या वर्गात मला सोडायचंय."

एकवीस खळगे गच्च भरले, तीन मात्र रोडच राहिले. कुठल्या पेशी गाठ ओळखतात ही परीक्षा होण्याआधी एकही खळगा टाकायचा नाही, हा नियम तिने स्वतः नव्या मुलींना पढवलेला. परक्याचं असतं तर ती मुकाट थांबली असती. पण ताईची धाप वाढत चालली होती. पेशींना पाजायचा द्रव थोडाच उरलेला, नवा यायला आठ दिवस. तो या मरतुकड्यांवर कशाला घालवायचा? तिने तिन्ही खळगे रिकामे केले आणि बाकीच्यांना पोटभर पाजलं.

शुक्रवारी परीक्षा झाली. पेशींसमोर ताईचीच गाठ ठेवली. एकवीसांपैकी एकानेही तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी निकाल दोनदा तपासला. "आणि ते तीन?"

"टाकले."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा काढून त्या हळूच म्हणाल्या, "गाठीशी झुंजून झुंजून दमलेल्याच वाढत नाहीत गं. तुला का हे सांगायला हवं?"

"कदाचित त्यांतही ओळखणाऱ्या नसत्या."

"कदाचित. आता कळायचं नाही."

दुसरी गाठ काढून पुन्हा सुरुवात करावी एवढं त्राण ताईच्या अंगात उरलं नव्हतं.

संध्याकाळी घरी धाकटीने ताईच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. "घाई केली मी. दुसऱ्या कुणाचं असतं तर नसती केली."

ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नसतं सांगितलंस तर?"

"मग तू रोज विचारत राहिली असतीस."

"हं." तिने डोळे पुसले, जरा दम खाल्ला आणि आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली, "चिमणे, कंगवा घेऊन ये. आज मावशी वेणी घालणार."

चिमणी येऊन बसली. धाकटीने केस विंचरायला घेतले. भांग तिरका गेला, पेड सैल पडले.

"मावशी, ओढतंय!"

"सोड ती, परत घाल," ताई म्हणाली. "मी बघायला आहे तोवर शिकून घे."

धाकटीने वेणी सोडली आणि पुन्हा भांग पाडायला घेतला.