आवाजावर घेतलेलं मशीन

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नगरपालिकेच्या ट्विला ओबर्टने केसलरांच्या पुढच्या अंगणात मोजपट्टी रोवली. गवत दहा इंच निघाले. कोल्टन गावाचा नियम आठ इंचांचा होता.

"मिसेस केसलर, देवाशप्पथ, मला हे नको होतं," ट्विला म्हणाली. नोटिशीचा पिवळा कागद दारावर चिकटवायचा असतो. तिने तो अर्डिथच्या हातात दिला. "शाळेत तुमच्या हातचं चिकन नूडल्स खाऊन वाढलेय मी."

"मग आणखी एक पळी वाढायला हवं होतं तुला," अर्डिथ म्हणाली. "निदान दोन इंच सूट मिळाली असती."

"तक्रार आली म्हणून यावं लागलं. कुणाची ते सांगता येत नाही."

"मी विचारलं नाही."

"शनिवारी दुपारी बारापर्यंत. नंतर नगरपालिका आपला माणूस पाठवते आणि बिल घरावर लावते." ट्विलाने गॅरेजच्या बंद दाराकडे पाहिले. "मर्विनचं गवत कापायचं मशीन कुठंय? ते कधी बंद पडल्याचं ऐकलं नाही."

"दुरुस्तीला गेलंय," अर्डिथ म्हणाली, आणि जरा मोठ्याने म्हणाली. दहा फुटांवर, घराच्या कोपऱ्यातली, पुढून-मागून दिसणारी खिडकी उघडी होती आणि खिडकीशी तिचा नवरा मर्विन बसलेला होता.

यंत्र दुरुस्तीला नव्हते. ते मेले होते. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी अर्डिथने आयुष्यात पहिल्यांदा गवत कापायला घेतले. वय एकोणसत्तर. तोवर ते काम मर्विनचे होते. हिवाळ्यात तो जिल्ह्याच्या रस्ते खात्यात बर्फ सारणारा ट्रक चालवायचा आणि उन्हाळ्यात दर शनिवारी अंगण कापायचा. निवृत्त झाल्यावर ट्रक गेला, अंगण राहिले. फेब्रुवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि नजरही बरीचशी गेली. उजेड आणि मोठ्या आकृती तेवढ्या कळत. कान शाबूत राहिले. मार्चमध्ये मुलाने त्याची गाडी विकली. आता त्याच्या मालकीचे, त्याने स्वतः सांभाळलेले असे काय उरले, तर एकवीस वर्षांचे लाल यंत्र.

अर्डिथने पेट्रोल घातले, ऑइल पाहिले नाही. अर्ध्या तासाने इंजिन किंचाळले आणि जागच्या जागी थांबले. मर्विन तेव्हा खुर्चीत डोळे मिटून पडला होता. तो झोपला आहे असे तिने धरले. डोळे उघडल्यावर त्याने विचारले, तेव्हा ती म्हणाली, बिघडलंय, व्हर्जिलकडे देते. दुरुस्तीवाल्या व्हर्जिलने दोन मिनिटांत निकाल दिला. त्या दोन मिनिटांबद्दल तिने घरी काहीच सांगितले नाही. तीन आठवडे ती "येईल, येईल" म्हणत राहिली आणि पाऊस पडत राहिला.

दुसऱ्या कुणाकडून कापून घेता आले असते. पण कोल्टनमध्ये एखाद्याचे गवत दुसरा माणूस कापू लागला की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पुढच्या आठवड्यात शेजारणी सुतकाच्या घरी नेतात तशी जेवणाची झाकलेली भांडी घेऊन येतात आणि ओसरीवर खालच्या आवाजात बोलतात. मर्विन पूर्वी म्हणायचा, "माझं गवत दुसऱ्यानं कापलं तर समजा मी मातीखाली गेलो." झटक्यानंतर तो हे म्हणाला नव्हता. म्हणूनच अर्डिथला ते जास्त आठवायचे.

बुधवारी साडेदहाला ती व्हर्जिलच्या दुकानात गेली. व्हर्जिल यंत्रे दुरुस्त करायचा आणि जुनी ठाकठीक करून विकायचा. मर्विनबरोबर तो वीस वर्षे बोलिंग खेळला होता.

"दोनशे डॉलर आहेत," ती म्हणाली. "त्यात बसेल ते दाखव."

"बिनइंजिनाचं, नुसत्या फिरत्या पात्यांचं स्वस्त आहे, पण ते घेऊ नकोस. तुझ्या दहा इंची गवतापुढं त्याचं काही चालायचं नाही. गवत आडवं पडतं आणि तू पुढं गेलीस की पुन्हा उभं राहतं. माझ्या मेव्हण्यासारखं."

"आणि ते आपलं आपण पुढं जाणारं?"

"चारशेच्या खाली नाही. तुझ्या पैशात ही दोन बसतात." त्याने भिंतीशी उभी असलेली दोन यंत्रे पुढे ओढली. "हे बॅटरीचं. दोन उन्हाळे वापरलेलं, एकशे नव्वद. बटण दाबायचं, दांडा धरायचा, चालायचं. वजन काही नाही. पुढचं अंगण एका चार्जिंगमध्ये, मागचं दुसऱ्यात. आणि हे पेट्रोलचं, एकशे साठ. इंजिन मर्विनच्या मशीनसारखंच, त्याच मापाचं. पण दोरी ओढावी लागते. खांदा कसा आहे तुझा?"

"आहे जागेवर."

शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षे चाळीस लिटरची पातेली उचलून तो खांदा असा झाला होता की अर्डिथ केस विंचरताना डोके हाताकडे नेत असे.

"दोन्ही चालू कर," ती म्हणाली. "मी पाठ करून उभी राहते."

"पाठ करून? अगं, मशीन लोक बघून घेतात."

"तू चालू कर."

ती कॅलेंडर लावलेल्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आधी बॅटरीचे यंत्र सुरू झाले. वरच्या मजल्यावर कुणी गालिचा झाडत असावे तसा आवाज. व्हर्जिलने ते बंद केले. मग दोरीचा एक हिसका, एक खोकला, आणि जाड, खरखरीत, जरा अडखळून सरळ होणारा तो आवाज. एकवीस वर्षे शनिवारी सकाळी या आवाजात तिने भांडी घासली होती. आवाज थांबला की कॉफी ओतायची, हे तिला कुणी शिकवले नव्हते.

"हे," ती भिंतीला म्हणाली.

"आता तू ओढ."

पहिली ओढ अर्ध्यावर राहिली. दुसरी आणि तिसरीही. सातव्या ओढीला इंजिन लागले आणि अर्डिथने डावा हात नकळत उजव्या खांद्यावर ठेवला. व्हर्जिलने ते पाहिले.

"बॅटरीचं घे, अर्डिथ."

"हेच दे."

"मर्विनला फसवायला निघालीस तू."

"फसवायला नाही. त्याला कळू नये, एवढंच."

"त्यालाच आमच्याकडे फसवणं म्हणतात."

"तुमच्याकडे काय काय म्हणतात ते मी चाळीस वर्षं ऐकतेय. माझ्या गाडीत चढवून दे."

व्हर्जिलने यंत्र चढवून दिले. "चाकं सगळ्यात वरच्या खाचेत ठेव," तो म्हणाला. "एकदम बुडाशी जाऊ नकोस, दोनदा काप. आणि नको वाटलं तर बदलून नेशील. पण या शनिवारी मी नाही, नातीचं लग्न आहे. सोमवारी ये."

गुरुवारी पाऊस होता. शुक्रवारी तीन वाजता गवत वाळले. अर्डिथने बूट चढवले.

"आलं का मशीन?" खिडकीतून मर्विनने विचारले. त्याचे शब्द हल्ली कडेने घसरत, पण कळत.

"आलं."

"काय झालं होतं?"

"प्लग."

"प्लगला तीन आठवडे?"

"व्हर्जिल आहे तो."

"हं," मर्विन म्हणाला.

तीन वाजून वीस मिनिटांनी तिने पहिल्यांदा दोरी ओढली. नऊ वेळा ओढून झाल्यावर ती दांड्यावर कोपरे टेकून उभी राहिली. शेजारचा क्लाइड कुंपणाशी गुलाबाची छाटणी करत होता. मेअखेरीस गुलाब कुणी छाटत नाही. तो कात्री खिशात घालत आला.

"अर्डिथ, मी सगळंच उरकून टाकतो. वीस मिनिटांचं काम."

"दोरी ओढ आणि घरी जा, क्लाइड."

"एवढं हळू का बोलतेस?"

"दोरी ओढ."

त्याने ओढली. एका ओढीत इंजिन लागले. उंच गवतात यंत्र दोनदा दबून बंद पडले आणि दोन्ही वेळा क्लाइड न बोलावता आला. पुढचे अंगण दोनदा कापून व्हायला पावणेसहा वाजले. कापलेल्या गवताचे ओले पुंजके तिने तसेच पडू दिले. दाताळ्याने ओढून गोळा करायला तिच्यात काही उरले नव्हते.

जेवायला कालचा मीटलोफ होता, भाजलेल्या खिम्याचा. तिने मर्विनच्या ताटातला बारीक कापला आणि काटा त्याच्या डाव्या हातात दिला.

"क्लाइडनं चालू केलं," मर्विन म्हणाला.

"पहिल्यांदा फक्त."

"तिन्ही वेळा. तुझी ओढ अर्ध्यावर राहते."

अर्डिथने पेल्यात पाणी ओतले.

"आणि ते माझं मशीन नाही."

"आवाज तर तोच आहे!" ती म्हणाली, आणि मग पेला खाली ठेवला.

"आवाज तोच आहे. चांगलं शोधलंस." मर्विनने घास चावून गिळेपर्यंत वेळ घेतला, आता त्याला तो घ्यावाच लागे. "माझं तीन आठवड्यांमागं मेलं. मी इथंच बसलो होतो, अर्डिथ. बंद पडलेलं इंजिन आणि जाम झालेलं इंजिन, एवढा फरक कळतो मला."

"मला वाटलं तू झोपलायस."

"डोळे मिटले होते. तू आत आलीस आणि नळ सोडलास. बराच वेळ. खाली भांडं नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणालीस दुरुस्तीला. मी म्हटलं, ठीक आहे, दुरुस्तीला."

बाहेरून एक गाडी गेली. अर्डिथ त्याच्या समोर बसली. तिच्या बुटांना, मोज्यांना हिरवे डाग पडले होते.

"बटणाचं पण होतं," ती म्हणाली. "हलकं होतं. परवडतही होतं. मी हे घेतलं. तुझ्यासाठी घेतलं, आवाजासाठी."

"माहीत आहे."

"नाही आवडला?"

मर्विन खिडकीकडे तोंड करून बसला. उजेड होता तिकडे.

"तो सुरू झाला ना," तो म्हणाला, "की माझे पाय उठायला बघतात. आज तीन वेळा सुरू झाला, तीनही वेळा. पायांना अजून कुणी सांगितलेलं नाही."

अर्डिथने बुटांच्या नाड्या सोडल्या.

"सोमवारी परत दे ते. बटणाचं आण."

"उद्या बारापर्यंत मागचं व्हायला हवं, मर्विन. नाहीतर नगरपालिकेचा माणूस येईल."

"नाही, तो नको."

"क्लाइडला सांगू?"

मर्विनने काटा ताटाच्या कडेला ठेवला. "काय ते तू ठरव," तो म्हणाला. लग्नाला शेहेचाळीस वर्षे झाली होती. अंगणाबाबत हे वाक्य तिने त्याच्या तोंडून प्रथमच ऐकले.

शनिवारी सकाळी क्लाइडची गाडी त्याच्या दारात नव्हती. तो बोट घेऊन तलावावर गेला होता. तो दारात असता तर अर्डिथने त्याला हाक मारली असती की नाही, हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही. आठ वाजून चाळीस मिनिटांनी तिने यंत्र ढकलत मागच्या अंगणाच्या पार टोकाला, कुंपणापर्यंत नेले. तिथून घर सत्तर फूट लांब आहे. आवाजाला सत्तर फूट म्हणजे काहीच नाही, हे तिला ठाऊक होते. तरी तिने नेले.

सहाव्या ओढीला इंजिन लागले. दोन्ही हातांनी दांडा धरून, खांदा अंगाशी दाबून ती चालू लागली. पहिला पट्टा घराकडे, दुसरा कुंपणाकडे. तिसऱ्या पट्ट्याला घराकडे येताना तिने कोपऱ्यातल्या खिडकीकडे पाहिले.

खिडकीची काच खाली आलेली होती.

ती खिडकी जुनी आहे. पावसाळी हवेत तिची लाकडी चौकट फुगते आणि काच खाली ओढायला अर्डिथला दोन्ही हात आणि अंगाचा सगळा भार लावावा लागतो. घरात मर्विनशिवाय दुसरे कुणी नव्हते.

अर्डिथने यंत्र थांबवले नाही. थांबवले असते तर ते पुन्हा सुरू करावे लागले असते. ती वळली आणि पुढचा पट्टा धरला. दहा वाजून पाच मिनिटांनी मागचे अर्धे अंगण बाकी होते.