गुंजेचे डोळे

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढत घरोघर फिरतात. इतवारीतल्या आमच्या खेळण्यांच्या दुकानात तेव्हा बैलांचाच माल असायचा. माल घेताना मी एकेक बैल तपासायचो. चाक ओढायचो, खिळा टोचतो का ते हाताने चाचपायचो, रंगावर ओलं फडकं घासायचो. डोळे रंगवलेलेच असत, ते ओढून पाहायचं कधी मनात आलं नाही.

सदुसष्ट साली शालिकराम सुताराने डोळ्यांच्या जागी लाल-काळ्या गुंजा चिकटवल्या. बैल जिवंत वाटायला लागले. मीही भुललो.

माल आला त्याच दुपारी माझी बायको गोपिका बैल पुसत होती. एक डोळा फडक्याबरोबर निघून घरंगळला. मी दुसऱ्या बैलाला नख लावलं, त्याचाही निघाला. गुंजा कुटून गुरांना विष घालतात, हे आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. मी फळ्या लावायला लागलो.

"काहून बंद करून राहिले? उद्या तान्हा पोळा हाय."

"पोरं हे डोळे चावतीन वं. यातले किती गेले?"

"एकच. उमरेडची बाई होती. कडेवर लेकरू. साडेचारच्या एसटीनं जातो म्हणे."

सायकल दामटत मी बसस्थानक गाठलं. बाई एसटीत खिडकीशी बसली होती. मांडीवरचं पोर बैलाचं डोकं चघळत होतं. बैलाला एकच डोळा होता.

"बाई, पोराचं तोंड पाहा आधी. गुंज हाय त्यात, विषारी."

तिने गालात बोट फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं, तेव्हा गुंज बाहेर आली. अख्खी होती. पोराला अजून दात आले नव्हते.

मी बैलाचा दुसरा डोळाही उपटला.

"आता आंधळा बैल घरी नेऊ का भाऊ?"

"आज आंधळाच न्या. कधी आल्या तर डोळे करून देतो."

"बैलाले दवाखान्यात नंतर न्या," कंडक्टर म्हणाला आणि त्याने घंटी मारली.

संध्याकाळी गोपिका चिमट्याने डोळे काढत होती आणि मी तापल्या सळईने त्या जागी काळे ठिपके डागत होतो. शालिकराम आला तो चिडूनच.

"माह्या बैलाइचं वाटोळं केलं गा तू."

मी एक गुंज त्याच्यापुढे धरली. "चावून दाखव गा."

तो खाली बसला आणि दुसरी सळई विस्तवात घातली.

पुढच्या वर्षी ती बाई तोच बैल घेऊन आली. पोर आता चालत होतं.

"भाऊ, याचे डोळे राहिले होते."

मी सळई तापवली.