कागदावरची पाचवी खोली

मित्रांनो, दावीद मिस्त्रीच्या शेवटच्या साध्या दिवशी मी दुपारपर्यंत कामावर होते. मी त्याची मोजपट्टी. पन्नास फुटांची पिवळी फीत, गोल डबीत गुंडाळलेली, बाजूला फिरवायला छोटी मूठ. नवापूरच्या अलीकडच्या आमच्या गावात त्या दिवशी कोंबड्यांच्या शेडचा पाया आखायचा होता. दावीदने दोरी लावली, चुना टाकला, हात धुतले आणि घरी आला. नंदुरबारला ग्रंथपाल असलेली त्याची मुलगी प्रिस्किला सुटीवर आली होती. तिला पुस्तकांसाठी फळी हवी होती, म्हणून जेवणाआधी त्याने भिंत मोजली आणि मला खिळ्याला अडकवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठलाच नाही. फळी राहून गेली.

मला त्याने सुरतच्या बाजारातून आणलं, तेव्हा तो नवशिका होता. माझ्यावरचे आकडे तेव्हा ठसठशीत काळे होते. पहिल्याच वर्षी माझं टोक काँक्रीट मिक्सरच्या चाकाखाली सापडलं आणि पहिला अख्खा फूट तुटून गेला. दुसऱ्याने मला फेकून दिलं असतं. दावीदने जिथे 'एक' लिहिलं आहे तिथेच तांब्याच्या तारेची कडी बांधली आणि मला पुन्हा कामाला लावलं. तेव्हापासून माझा आकडा वाचायचा आणि त्यातून एक वजा करायचा, ही आमची रीत झाली. तो ओरडायचा, "अकरा!" खालून घमेलं उचलता उचलता फुलवंताबाई म्हणायची, "म्हंजे दहा!" ही फुलवंताबाई त्याच्या हाताखाली वीस वर्षं माल कालवत होती. त्या दोघांनी मिळून शाळेच्या खोल्या बांधल्या, विहिरींचे कठडे बांधले, प्रार्थनाघराचा ओटा बांधला. आणि एका उन्हाळ्यात दावीदचं स्वतःचं घर बांधलं. दहा बाय दहाच्या चार खोल्या, पुढे पडवी. सगळं माझ्यावरच मोजलेलं.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी घरपट्टीच्या फेरआकारणीसाठी मोजणीवाला आला. अंगणात माणसं बसली होती. त्याच्या यंत्राची बॅटरी उतरली होती. त्याने दारातून विचारलं, "घरात टेप आहे का, आजी?" दावीदची बायको सोमीबाई रडून थकली होती. तिने खिळ्याकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. त्याने कडी कोपऱ्याला लावली, मला ओढलं आणि अकरा लिहिलं. पुढच्या खोलीतही अकरा. पडवीत वीसच्या जागी एकवीस, सहाच्या जागी सात. एक वजा करा, असं त्याला कुणी सांगितलं नाही. सांगणारा मातीआड गेला होता, आणि फुलवंताबाई तेव्हा तिथे नव्हती.

दोन महिन्यांनी नोटीस आली. कागदावर आमचं घर शंभराहून जास्त चौरस फुटांनी वाढलं होतं. म्हणजे कुणी न बांधलेली एक पाचवी खोली त्यात उभी होती. शेवटी शेरा होता: 'मालकाने पूर्वी क्षेत्र कमी दाखवले आहे.'

नोटीस आल्याचं कळताच नंदुरबारहून आलेल्या प्रिस्किलाने तो शेरा दोनदा वाचला. मग मला खिळ्यावरून काढलं. भिंत मोजली. अकरा. दुसरी मोजली. अकरा. दावीदने स्वतःच्या अक्षरात भरलेला घरपट्टीचा जुना फॉर्म तिच्या मांडीवर होता, त्यात दहा लिहिले होते. ती बराच वेळ पडवीत बसून राहिली. घरपट्टी वाढली म्हणून ती बसली नव्हती. आपला बाप खोटं लिहून गेला का, हे तिला कळत नव्हतं. ते खोटं माप मीच तिच्यापुढे धरलं होतं, याची मला आजही लाज वाटते.

फुलवंताबाई सोमीबाईला भेटायला आली, तेव्हा मी प्रिस्किलाच्या हातातच होते.

"काय मोजी ऱ्हायनी, पोरी?"

"घर. अकरा भरतं. पप्पांनी दहा लिहिलंय."

फुलवंताबाईने मला तिच्या हातातून ओढून घेतलं आणि कडी तिच्या नाकासमोर धरली. "इतला पुस्तकं वाची बसनी, अन् टेप कोठून सुरू व्हस ते दखं नही? याना पयला फूट कव्हळना तुटेल शे! एक कमी कर. तुन्हा बाप खोटा नही व्हता."

प्रिस्किलाने कडीजवळचा पुसट आकडा अंगठ्याने घासला. एक होता.

हरकत अर्जाच्या सुनावणीला त्या दोघी गेल्या, मला पिशवीत घेऊन. ग्रामसेवक भाऊसाहेब आधी वैतागले.

"मॅडम, सगळेच म्हणतात आमचं घर लहान आहे."

"तुमची फूटपट्टी द्या," प्रिस्किला म्हणाली. तिने ती माझ्या कडीपासून लावली. फूटपट्टी संपली तिथे माझ्यावर दोन लिहिलं होतं.

भाऊसाहेबांनी वाकून पाहिलं. "आणि याच टेपने मोजलं?"

"हो. आमच्याकडूनच घेऊन. कर जो येईल तो भरू. पण ती शेवटची ओळ काढा."

"मिस्त्रीना टेप शे तो," फुलवंताबाई म्हणाली. "तेले वाचाले मिस्त्रीच लागस."

भाऊसाहेब हसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा नवा टेप घेऊन घरी आले. दहा. दहा. चारी खोल्या दहा. पडवी वीस बाय सहा. "आते तिरपं बी मोजा, भाऊसाहेब," फुलवंताबाईने हट्ट धरला. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, एक तिरपं आणि मग दुसरं. दोन्ही मापं सारखी आली. कुठेही बोटभर फरक नव्हता.

"काटकोन एकदम बरोबर," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी शेऱ्यावर रेघ मारली, बाजूला सही केली आणि निघाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपून ठेवाच. पण ज्याच्या हातात त्या झिजल्या, त्याला तो असतानाच विचारून घ्या, हे कसं वाचायचं. नंतर आम्ही सांगू शकत नाही.

सोमीबाई फुलवंताबाईला पोचवायला रस्त्यापर्यंत गेली. प्रिस्किला मागच्या खोलीत एकटी राहिली. शिकायला बाहेर पडल्यापासून ती या घराला लहान म्हणायची, उकडतं म्हणायची, सुटी संपायच्या आधीच निघायची. दावीद ऐकून घ्यायचा आणि बस लागली का ते बघायला पुढे चालायचा.

तिने कोपऱ्यात तळवा टेकवला, जिथे दोन भिंती मिळतात तिथे.

"पप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "घर फार चांगलं बांधलंत तुम्ही."