कॉम्प्युटरला लागलेली नजर

आमच्या इमारतीतल्या त्या घरात दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. धाकट्या सुनेच्या खोलीत मधोमध चौरंगावर कॉम्प्युटरचा काळा डबा मांडला होता आणि त्यावर दोन्ही तळवे टेकून, तापलेली यंत्रं मंत्राने गार करतात म्हणून बोलावलेले गारमहाराज डोळे मिटून पुटपुटत होते. शेजारपाजारचे सगळे श्वास रोखून बघत होते. एक बाई तर घरचा बिघडलेला मिक्सर कडेवर घेऊनच आल्या होत्या.

पुटपुटणं लांबलं. मग महाराजांनी हात काढले आणि सासूबाईंना डब्याला हात लावून बघायला सांगितलं. थोड्या वेळापूर्वी चटका देणारा डबा थंड झाला होता. सासूबाईंनी हात जोडले, खोलीभर कुजबुज पसरली. गॅस बंद करून ठेवलेला चहासुद्धा गार होतो, पण त्याच्यापुढे कुणी हात जोडत नाही, हे मी शेजारच्या गृहस्थांच्या कानात म्हणालो. त्यांनी मला गप्प बसवलं.

"यंत्रालाही मस्तक असतं," महाराज सांगू लागले. "विचारांनी ते तापतं. आम्ही आमच्या शीतल लहरी त्यात सोडतो." एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण त्यांनी मऊ ब्रशने डब्याची मागची बाजू झाडली, जे निघालं ते काळ्या फडक्यात बांधलं आणि म्हणाले, "ही नजर आहे. घरातल्याच कुणाची तरी. जळकी."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तिथे हातात चहाचा ट्रे घेऊन थोरली सून उभी होती.

थोरली शाळेत विज्ञान शिकवायची. धाकटी घरबसल्या लग्नाचे अल्बम सजवून द्यायची आणि तिचं काम जोरात चाललं होतं. ज्या खोलीत बसून शांतपणे पेपर तपासता येतील म्हणून थोरली डोळे लावून बसली होती, ती खोली कॉम्प्युटरला गेली. पाहुणा आला की त्याला आधी धाकटीचे अल्बम दाखवायचे. थोरलीचा नवराही बोलून गेला होता की बघ, उंबरठा न ओलांडता केवढं काम करते. थोरली हसून मान डोलवायची आणि आतून धुमसायची. काम करता करता तो कॉम्प्युटर पहिल्यांदा फट्कन बंद पडला आणि धाकटीची दिवसभराची मेहनत पाण्यात गेली, तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं, असं तिने मला पुढे स्वतःच सांगितलं.

म्हणूनच महाराजांचं बोलणं तिला वर्मी लागलं. नजरेने लोखंड तापत नाही, हे ती रोज पोरांना शिकवत होती. पण मत्सर तर खरा होता. मग कुठल्या तोंडाने बोलणार?

महाराजांच्या आज्ञेप्रमाणे डबा काही दिवस खोलीच्या मध्यावर, वर कापड न घालता ठेवला. तो छान चालला. मग अडचण होते म्हणून तो पुन्हा टेबलाखालच्या कप्प्यात गेला, वर मखमली झालर आली, आणि ऐन कामात कॉम्प्युटरवर पुन्हा अंधार. थोरली सकाळी दारापर्यंत आली होती, हे सासूबाईंना लगेच आठवलं. त्या दिवसापासून तिला खोली बंद झाली. धाकटीची चिमुरडी छकुली थोरलीच्याच मांडीवर वाढलेली, तिलाही लांब ठेवू लागले.

एकदा जेवताना थोरलीने सवयीने छकुलीच्या ताटात डोकावलं. पोरीने ताट झाकलं. "मोठी आई, तू बघू नकोस. भात गरम होईल."

थोरली पानावरून उठली. मत्सर आपला आहे, तो आपण निस्तरू, पण हे खोटं पोरीच्या डोक्यात राहू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं.

महाराज पुन्हा आले, तेव्हा ती सगळ्यांसमोर सरळ खोलीत शिरली. "हो, जळते मी हिच्यावर," ती म्हणाली. "खोलीवरून, कौतुकावरून, सगळ्यावरून. तेव्हा माझ्या नजरेची परीक्षा होऊन जाऊ दे."

तिने डबा कप्प्यातून काढून मोकळ्यावर ठेवला, थोडा निवू दिला आणि धाकटीला अल्बमचं सगळ्यात जड काम सुरू करायला लावलं. मग समोर खुर्ची टाकून ती डब्याकडे टक लावून बसली. आम्ही कंटाळलो, महाराज घड्याळ बघू लागले, पण यंत्र बिनबोभाट चालत राहिलं. त्यानंतर डबा कप्प्यात, वर झालर, त्यावर महाराजांचा हात. आणि थोरली स्वतः गच्चीवर. काम तेच. तिला खाली बोलवायची वेळ फार लवकर आली. कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला होता आणि महाराजांनी हात कधीच उचलून घेतला होता.

थोरलीने वीज तोडली, डबा निवल्यावर कडेचं झाकण काढलं. आतल्या पंख्यावर धुळीची गोधडीच बसली होती. महाराजांचं काळं फडकं तिने सोडलं, तर त्यातही तीच धूळ.

"मागच्या जाळीतून गरम वारा बाहेर पडतो," तिने सांगितलं. "कप्प्यात तो कोंडतो, धुळीने पंखा दमतो, आणि जळून जाऊ नये म्हणून यंत्र आपणहून बंद होतं. महाराज ते बंद करून मोकळ्यावर मांडत होते, जाळी झाडत होते. गार ते वाऱ्याने झालं."

लहरींना आज ग्रहण आहे असं काहीसं म्हणत महाराज जिना उतरले. मिक्सरवाल्या बाई त्यांच्यामागे जाता जाता थांबल्या.

धाकटी खाली मान घालून बसली होती. तिने विचारलं, "ताई, खरंच जळता माझ्यावर?"

"अजूनही," थोरली म्हणाली. "इतक्यात जाणार नाही ते. पण तुझं नुकसान त्याने झालं नव्हतं." आणि पंख्याची पाती बोटाने धरून ती ब्रशने धूळ काढू लागली. धाकटीने झालर ओढून काढली आणि तिच्याशेजारी बसली.

मंडळी, घरातलं यंत्र तापलं तर आधी त्याला भिंतीपासून दूर ओढा, झाकण काढा, धूळ बघा. मत्सर कुणाच्या मनात नसतो? त्याचं काय करायचं ते माणसांनी आपसात बोलून बघावं. पण ज्याचं कारण शोधता येतं, त्यासाठी घरातल्या माणसाकडे बोट दाखवणारा कुणी भेटला, तर त्याला पाणी विचारा आणि जिना दाखवा.